स्कॉटिश संसदेचे विधेयक तिच्या अधिकारात बसते का, हे कसे तपासावे? राखीव आणि सोपीव विषयांच्या विभागणीचे सविस्तर मार्गदर्शन

ब्रिटनची राज्यघटना एका संहितेत लिहिलेली नाही. तरीही लंडनमधील वेस्टमिन्स्टरची संसद आणि एडिनबरामधील होलीरूडची स्कॉटिश संसद यांच्यात कायदे करण्याचे अधिकार कसे वाटले आहेत, हे मात्र अतिशय बारकाईने लिहून ठेवलेले आहे. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्वतंत्र स्कॉटिश संसदेच्या बाजूने कौल दिला, पुढच्या वर्षी स्कॉटलंड अधिनियम, १९९८ संमत झाला आणि १ जुलै १९९९ पासून १२९ सदस्यांच्या या संसदेने आपले अधिकार पूर्णपणे वापरायला सुरुवात केली. एडिनबरा किंवा ग्लासगो येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबालाही या विभागणीचा रोज अनुभव येतो. मुलांची शाळा आणि सरकारी दवाखाना होलीरूडच्या कायद्यांनी चालतात, तर व्हिसा आणि नागरिकत्व यांचे नियम वेस्टमिन्स्टर ठरवते.

एखादे विधेयक समोर आले की ते स्कॉटिश संसदेला करता येईल की नाही, हे क्रमाने कसे तपासावे, ते या लेखात सांगितले आहे. कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे अभ्यासक, पत्रकार आणि संघराज्यव्यवस्थेविषयी आस्था असणारे वाचक यांना ही रीत उपयोगी पडावी. विषयांची यादी उघडली, आपला विषय शोधला आणि निर्णय दिला, असा या विषयाचा अभ्यास अनेकदा होतो आणि तिथेच तो चुकतो. यादी हा तपासणीचा केवळ एक टप्पा आहे. तरतुदीचा यादीतील विषयाशी संबंध कशावरून ठरवायचा आणि यादीबाहेर वेस्टमिन्स्टरच्या हाती कोणते अधिकार उरतात, या दोन प्रश्नांवर विभागणीचा खरा अर्थ ठरतो.

तपासणीआधी: यादी कोणाच्या विषयांची आहे?

अधिकार वाटण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एका पद्धतीत सोपवलेले विषय मोजून लिहितात आणि बाकी सारे मध्यवर्ती संसदेकडे राहते. दुसऱ्या पद्धतीत मध्यवर्ती संसदेने स्वतःकडे राखलेले विषय लिहितात आणि यादीत जे नाही ते आपोआप प्रादेशिक संसदेकडे जाते. स्कॉटलंडसाठी १९७८ मध्ये झालेला पहिला कायदा पहिल्या पद्धतीचा होता. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के मते अनुकूल पडली, पण एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा ही अट पूर्ण झाली नाही आणि तो कायदा अमलात आलाच नाही. १९९८ चा कायदा करताना दुसरी पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे स्कॉटलंडच्या कायद्यात आरोग्य, शिक्षण, पोलीस, शेती किंवा स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय सोपवल्याचे वाक्य कुठेही सापडणार नाही. ते राखीव यादीत नाहीत, एवढ्यावरच ते होलीरूडचे, म्हणजे सोपीव, ठरतात.

भारतीय वाचकाने इथे विशेष सावध राहावे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत आणि कोणत्याच यादीत नसलेला विषय अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे जातो. स्कॉटलंडमध्ये एकच यादी आहे, समवर्ती सूची नाही आणि उरलेला अधिकार प्रादेशिक संसदेकडे आहे. १९९८ मध्ये कोणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा विषय उद्या पुढे आला आणि तो राखीव शीर्षकांपैकी कशातही मोडत नसला, तर त्यावर कायदा करण्यास होलीरूड मोकळे आहे.

यादीची दिशा बदलली की निकालही कसा बदलतो, हे वेल्सच्या उदाहरणावरून समजते. तेथे २००६ च्या कायद्यानुसार सोपवलेल्या विषयांची यादी होती. शेतमजुरांच्या वेतनाविषयीचे वेल्सचे विधेयक २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा हा विषय शेतीचा की रोजगाराचा, असा वाद झाला. शेती सोपवलेली होती आणि रोजगाराविषयी कायदा गप्प होता. विधेयक खऱ्या अर्थाने शेतीशी संबंधित असल्यास ते त्याच वेळी रोजगाराशीही संबंधित असले तरी बिघडत नाही, असे न्यायालयाने ठरवले. अशा गप्प विषयांवरून वाद वाढत गेले आणि अखेर २०१७ च्या कायद्याने वेल्सलाही राखीव विषयांच्या पद्धतीवर आणले. ती पद्धत १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली. उत्तर आयर्लंडची व्यवस्था तिहेरी आहे. तेथे कायमचे वगळलेले, तूर्त राखलेले आणि हस्तांतरित असे तीन वर्ग आहेत. पोलीस आणि न्याय हे विषय याच व्यवस्थेत २०१० मध्ये हस्तांतरित झाले.

पहिली पायरी: विधेयकाच्या तरतुदी सुट्या करा

स्कॉटलंड अधिनियमाचे कलम २९ संपूर्ण कायद्याविषयी बोलत नाही. कायद्यातील जी तरतूद अधिकाराबाहेर असेल तेवढी तरतूद कायदा नाही, अशी त्याची भाषा आहे. म्हणून विधेयकाच्या नावावरून किंवा प्रस्तावनेवरून मत बनवू नये. प्रत्येक तरतूद स्वतंत्र ओळीत लिहावी आणि तिच्यापुढे ती कोणावर बंधन घालते, कोणता जुना कायदा बदलते आणि कोठे लागू होते, या तीन गोष्टी नोंदवाव्यात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढच्या सर्व पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

दुसरी पायरी: कलम २९ च्या पाच कसोट्या लावा

तरतूद पुढीलपैकी एका जरी कारणाने अडली तरी ती अधिकाराबाहेर जाते. ती स्कॉटलंडखेरीज दुसऱ्या देशाच्या कायद्याचा भाग बनत असेल, राखीव विषयाशी संबंधित असेल, चौथ्या अनुसूचीतील निर्बंध मोडत असेल, मानवी हक्कांच्या युरोपीय करारातील हक्कांशी विसंगत असेल, किंवा स्कॉटलंडच्या फौजदारी खटल्यांचे प्रमुख असलेल्या लॉर्ड ॲडव्होकेट यांना त्या स्थानावरून दूर करत असेल, तर ती टिकत नाही. युरोपीय संघाच्या कायद्याशी सुसंगती हीसुद्धा पूर्वी एक अट होती. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर ती गेली.

हक्कांची कसोटी अभ्यासक अनेकदा विसरतात, कारण भारतात मूलभूत हक्कांचा प्रश्न आणि विधायी अधिकाराचा प्रश्न आपण वेगवेगळे शिकतो. स्कॉटलंडमध्ये हक्कांचा भंग म्हणजेच अधिकाराचा अभाव. प्रत्येक मुलामागे एक नेमलेली जबाबदार व्यक्ती असावी, अशी योजना २०१४ च्या बालक व युवक कायद्यात होती. विषयाच्या दृष्टीने ती होलीरूडच्या कक्षेत बसत होती. परंतु मुलांची माहिती एका यंत्रणेकडून दुसरीकडे देण्याच्या तरतुदी खासगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काशी विसंगत असल्याने २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिकाराबाहेर ठरवल्या.

तिसरी पायरी: पाचवी अनुसूची शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

राखीव विषयांची यादी पाचव्या अनुसूचीत आहे. तिच्या पहिल्या भागात राज्यघटनेचे काही पैलू, राजकीय पक्षांची नोंदणी व निधी, परराष्ट्र व्यवहार, नागरी सेवा, संरक्षण आणि देशद्रोह हे सर्वसाधारण विषय आहेत. राजपद, स्कॉटलंड आणि इंग्लंड या राज्यांचे एकीकरण आणि ब्रिटिश संसद हे पैलू राज्यघटनेच्या शीर्षकाखाली राखलेले आहेत. दुसऱ्या भागात अर्थव्यवहार, गृहव्यवहार, व्यापार व उद्योग, ऊर्जा, वाहतूक, सामाजिक सुरक्षा, व्यवसायांचे नियमन, रोजगार, आरोग्य व औषधे, माध्यमे व संस्कृती आणि संकीर्ण अशी अकरा शीर्षके आहेत. शीर्षक मात्र दिशाभूल करू शकते. आरोग्य व औषधे असे शीर्षक दिसले म्हणून आरोग्यसेवा राखीव ठरत नाही, कारण त्याखाली औषधांना परवानगी देण्यासारखे मोजकेच विषय आहेत.

प्रत्येक शीर्षकाखालील विभागात राखीव विषय, त्याचे अपवाद आणि शब्दांचे अर्थ असे तीन थर असू शकतात आणि तिन्ही वाचावेच लागतात. रोजगारविषयक हक्क राखीव आहेत, पण स्कॉटलंडच्या १९४९ च्या शेतमजुरी कायद्याचा विषय त्यातून वगळलेला आहे. म्हणजे वेल्समध्ये जो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो स्कॉटलंडमध्ये अपवादाच्या एका ओळीने आधीच मिटलेला होता. शिवाय अनेक ठिकाणी अमुक कायद्याचा विषय राखीव, अशी रचना आहे. अशा वेळी तो मूळ कायदा उघडल्याशिवाय राखीव क्षेत्राची हद्द कळत नाही.

अनुसूचीची कोणती आवृत्ती आपण वाचत आहोत, हेही तपासावे. २०१२ आणि २०१६ च्या कायद्यांनी यादी बरीच बदलली. शस्त्रे राखीव असली तरी हवेच्या बंदुकांचा विषय होलीरूडकडे आला आणि २०१५ मध्ये त्यांच्या परवान्यांचा कायदा झाला. मद्यपान करून गाडी चालवण्याची मर्यादा ठरवण्याचा अधिकार मिळताच स्कॉटलंडने ५ डिसेंबर २०१४ पासून रक्तातील मर्यादा प्रति १०० मिलिलिटर ८० मिलिग्रॅमवरून ५० मिलिग्रॅमवर आणली. गर्भपाताचा विषय आणि सामाजिक सुरक्षेतील काही भत्ते २०१६ च्या कायद्याने सोपवले गेले. १९९८ ची मूळ प्रत हाताशी धरून यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर दिले तर ते चुकणार.

यादी बदलण्याचा एक लवचीक मार्ग कलम ३० मध्येही आहे. वेस्टमिन्स्टरची दोन्ही सभागृहे आणि स्कॉटिश संसद यांनी मान्यता दिल्यास आदेश काढून चौथी किंवा पाचवी अनुसूची सुधारता येते. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी एडिनबरा येथे दोन्ही सरकारांचा करार झाला, २०१३ मध्ये असा आदेश निघाला आणि त्याच आधारावर १८ सप्टेंबर २०१४ चे स्वातंत्र्याचे सार्वमत घेता आले. तो अधिकार २०१४ अखेरपर्यंतच मर्यादित ठेवलेला होता.

चौथी पायरी: तरतुदीचा उद्देश शोधा

तपासणीचा गाभा या पायरीत आहे. तरतूद राखीव विषयाशी संबंधित आहे का, हे तिच्या उद्देशावरून ठरवावे आणि तसे करताना सर्व परिस्थितीत तिचा होणारा परिणामही लक्षात घ्यावा, असे कलम २९ सांगते. केवळ ओझरता किंवा ओघाने येणारा संबंध पुरेसा नाही.

कायद्याचे मर्म पाहून अधिकार ठरवण्याचा हा विचार कॅनडाच्या खटल्यांतून वाढला आणि ब्रिटिश साम्राज्यात ठिकठिकाणी पोचला. आयरिश फ्री स्टेटमधील डोनेगलचा एक शेतकरी सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमधील लंडनडेरीत परवान्याशिवाय दूध विकत होता. परवान्याची सक्ती करणारा बेलफास्टच्या संसदेचा १९३४ चा दूधविषयक कायदा परकीय व्यापारात हस्तक्षेप करतो आणि तो विषय त्या संसदेचा नाही, असा त्याचा बचाव होता. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३७ मध्ये तो फेटाळला. कायद्याचे मर्म लोकांच्या आरोग्याचे रक्षण हे होते आणि व्यापारावरील परिणाम त्यातून ओघाने येत होता. महाराष्ट्राच्या वाचकाला हीच विचारसरणी मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या खटल्यात भेटते. बलसारा खटल्यात १९५१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, मादक पेयांवरील प्रांतिक कायद्याचा आयातीच्या केंद्रीय विषयाला स्पर्श होतो म्हणून तो कायदा अधिकाराबाहेर जात नाही, असे ठरवले. त्यातील काही तरतुदी रद्द झाल्या त्या नागरिकांच्या हक्कांच्या कारणाने.

स्कॉटलंडमध्ये या कसोटीचे सर्वांत उपयुक्त उदाहरण तंबाखूचे आहे. २०१० च्या कायद्याने दुकानात तंबाखूची उत्पादने उघड मांडण्यास आणि यंत्राद्वारे सिगारेट विकण्यास मनाई केली. ग्राहकांना वस्तूंची विक्री आणि उत्पादनांची सुरक्षितता हे विषय राखीव असल्याने हा कायदा टिकत नाही, असे इम्पीरियल टोबॅको कंपनीचे म्हणणे होते. वरवर पाहता ते पटण्यासारखे आहे, कारण बंदी विक्रीच्या पद्धतीवरच होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१२ रोजी उलट निर्णय दिला. ग्राहकाची फसवणूक टाळणे किंवा बाजाराचे नियमन करणे हा तरतुदींचा हेतू नव्हता. तंबाखू नजरेआड ठेवून धूम्रपान कमी व्हावे आणि लोकांचे आरोग्य सुधारावे हा तो हेतू होता, आणि सार्वजनिक आरोग्य हा राखीव विषय नाही. तपासणाऱ्याने इथून एक सवय लावून घ्यावी. तरतूद काय करते, एवढ्यावर न थांबता ती तसे का करते, हे विधेयकासोबतचे धोरणपत्र, समित्यांचे अहवाल आणि सभागृहातील चर्चा यांतून शोधावे.

मात्र सांगितलेला उद्देश न्यायालय डोळे मिटून स्वीकारत नाही. स्वातंत्र्यावर दुसरे सार्वमत घेण्याच्या प्रस्तावित विधेयकाबाबत लॉर्ड ॲडव्होकेट यांनी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. सार्वमत सल्ल्यापुरते आहे, त्याच्या निकालाने कायद्यात आपोआप काहीच बदलत नाही, मग ते एकीकरणाशी संबंधित कसे, असा युक्तिवाद होता. पाच न्यायमूर्तींनी २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एकमताने तो अमान्य केला. परिणाम म्हणजे फक्त कायदेशीर परिणाम नव्हे. कायदेशीर मार्गाने घेतलेल्या अशा सार्वमताचे राजकीय परिणाम मोठे असतात आणि स्कॉटलंड स्वतंत्र व्हावे का हा प्रश्न एकीकरणाशी व ब्रिटिश संसदेच्या सार्वभौमत्वाशी थेट जोडलेला आहे, असे न्यायालय म्हणाले. तंबाखूच्या खटल्यात उद्देशाने कायदा वाचवला आणि इथे परिणामाने तो अडवला. माझ्या मते हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कलम २९ नीट समजत नाही.

पाचवी पायरी: चौथी अनुसूची विसरू नका

विषय सोपीव असला तरी काही कायद्यांना होलीरूडने हात लावायचा नाही, असे चौथ्या अनुसूचीत लिहिले आहे. मानवी हक्क अधिनियम, १९९८ आणि खुद्द स्कॉटलंड अधिनियमाचा बराचसा भाग या संरक्षित यादीत आहे. राखीव विषयांवरील कायद्यात ओघाने लागणारे आवश्यक तेवढे बदल करता येतात, त्याहून अधिक नाही.

ही अनुसूची किती धारदार आहे, हे बालहक्कांच्या विधेयकात दिसले. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्कॉटलंडच्या कायद्यात आणणारे विधेयक १६ मार्च २०२१ रोजी एकमताने मंजूर झाले होते. त्यात वेस्टमिन्स्टरने सोपीव विषयांवर केलेले कायदेही करारानुसार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला होता. परंतु स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा ब्रिटिश संसदेचा अधिकार अबाधित राहील, असे कलम २८ च्या सातव्या उपकलमात म्हटले आहे आणि ते कलम संरक्षित आहे. विधेयकाने त्या अधिकाराला अट घातली, म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या तरतुदी अधिकाराबाहेर ठरल्या. विधेयकाची व्याप्ती मुख्यतः स्कॉटिश संसदेच्या स्वतःच्या कायद्यांपुरती आखून ते डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा मंजूर करावे लागले आणि १६ जुलै २०२४ पासून ते लागू झाले. बालकांच्या हक्कांवर सगळे सभागृह एकत्र येऊनही मसुद्याच्या रचनेमुळे तीन वर्षे गेली, याची मनाला खंत वाटते.

सहावी पायरी: दिनांक तपासा

विधेयक मांडताना ते मांडणाऱ्याला आणि स्कॉटिश संसदेच्या अध्यक्षांना अधिकाराविषयी आपले मत लेखी द्यावे लागते. अध्यक्षांचे मत प्रतिकूल असले तरी विधेयक थांबत नाही. युरोपीय संघातून बाहेर पडताना कायद्यांत सातत्य राखण्यासाठी आणलेले २०१८ चे विधेयक तसे मत असतानाही पुढे गेले.

मंजुरीनंतरचे चार आठवडे महत्त्वाचे असतात. या मुदतीत ब्रिटिश सरकारचे किंवा स्कॉटलंडचे विधी अधिकारी कलम ३३ नुसार विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतात. त्या सातत्य विधेयकाचे पुढे जे झाले, ते प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. ते २१ मार्च २०१८ रोजी मंजूर झाले आणि न्यायालयात गेले. प्रकरण प्रलंबित असताना २६ जून रोजी वेस्टमिन्स्टरचा युरोपीय संघातून माघारीचा कायदा झाला आणि त्या कायद्याला चौथ्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. १३ डिसेंबरच्या निकालात न्यायालय म्हणाले की मंजुरीच्या दिवशी विधेयकाचे कलम १७ वगळता बाकीचे अधिकाराबाहेर नव्हते, पण नव्या संरक्षणामुळे अनेक तरतुदी आता टिकत नाहीत. म्हणजे विभागणीची रेषा निकाल लागेपर्यंतही सरकू शकते आणि ती सरकवण्याची ताकद एकाच बाजूकडे आहे.

याच चार आठवड्यांत कलम ३५ चाही धोका असतो. विधेयक अधिकारात बसत असले तरी ते राखीव विषयांना लागू असलेल्या कायद्यात बदल करते आणि त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर त्याचा प्रतिकूल परिणाम होईल, असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर स्कॉटलंड खात्याचे ब्रिटिश मंत्री ते राजसंमतीला जाण्यापासून रोखू शकतात. लिंग-ओळखीच्या कायदेशीर मान्यतेची प्रक्रिया सोपी करणारे विधेयक २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले. समान संधीचा राखीव कायदा त्यामुळे विस्कळीत होतो, असे सांगून १७ जानेवारी २०२३ रोजी हा अधिकार प्रथमच वापरण्यात आला आणि स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशनने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश वैध ठरवला.

सातवी पायरी: अधिकारात बसणारा कायदा प्रत्यक्षात किती चालेल?

सोपीव विषयावर वेस्टमिन्स्टरही कायदा करू शकते. स्कॉटिश संसदेच्या संमतीशिवाय ते सहसा तसे करणार नाही, हा संकेत तेव्हाचे ब्रिटिश मंत्री लॉर्ड सेवेल यांनी १९९८ मध्ये मांडला आणि २०१६ मध्ये तो कायद्यातही लिहिला गेला. पण तो राजकीय संकेत आहे आणि त्याची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट केले. वर सांगितलेल्या माघारीच्या कायद्याला होलीरूडने ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली होती, तरी तो झाला.

दुसरे बंधन अंतर्गत बाजारपेठ अधिनियम, २०२० चे आहे. ब्रिटनच्या एका भागात कायदेशीरपणे तयार झालेली वस्तू दुसऱ्या भागात तेथील वेगळ्या नियमांची अट न लागता विकता येते, असे त्याचे परस्पर मान्यतेचे सर्वसाधारण तत्त्व आहे. रिकाम्या बाटल्या व डबे परत केल्यावर अनामत रक्कम मिळण्याची स्कॉटलंडची योजना त्यातच अडली. ब्रिटिश सरकारने मे २०२३ मध्ये तिला सूट देऊ केली, पण काच वगळून, आणि पुढच्याच महिन्यात योजना लांबणीवर टाकावी लागली.

सर्व पायऱ्या एका काल्पनिक विधेयकावर

समजा, १६ वर्षांखालील मुलांना एनर्जी ड्रिंकपासून दूर ठेवण्यासाठी होलीरूडमध्ये एक विधेयक आले आणि त्यात पुढील तरतुदी आहेत.

पहिली तरतूद अशा मुलांना हे पेय विकणे हा गुन्हा ठरवते आणि दुकानदाराला दंड सांगते. विक्रीचे नियमन राखीव वाटले तरी उद्देश मुलांच्या आरोग्याचा आहे, म्हणून तंबाखूच्या निर्णयाच्या आधारे ती टिकते. विक्रीच्या रीतीवरचे असे नियम अंतर्गत बाजारपेठेच्या परस्पर मान्यतेच्या तत्त्वातही सहसा सापडत नाहीत, मात्र बाहेरच्या मालाशी भेदभाव होऊ नये.

दुसरी तरतूद प्रत्येक डब्यावर ठळक इशारा छापण्याची सक्ती करते. खाद्यपदार्थांवरील माहितीचा विषय सोपीव असल्याने ती अधिकारात बसते. अडचण वेगळीच आहे. इंग्लंडमध्ये कायदेशीरपणे तयार झालेला डबा इशाऱ्याशिवायही स्कॉटलंडमध्ये विकता येईल, त्यामुळे स्वतंत्र सूट मिळवल्याशिवाय या तरतुदीचा उपयोग तुटपुंजा राहील. मसुदा करणाऱ्याने ही सूट मागण्याचे काम विधेयक मांडण्याआधी सुरू करावे.

तिसरी तरतूद दूरचित्रवाणीवरील जाहिराती बंद करते. प्रसारण राखीव आहे आणि इथे नियमन प्रसारकाचेच होते. आरोग्याचा हेतू सांगूनही ती टिकण्याची शक्यता फार कमी, म्हणून ती काढावी आणि दुकानातील मांडणीपुरते नियम ठेवावेत.

चौथी तरतूद प्रत्येक लिटरमागे कर लावते. करविषयक धोरण राखीव आहे. स्थानिक कर आणि कायद्याने स्पष्टपणे सोपवलेले कर तेवढे अपवाद आहेत. नवा कर सोपवून घेण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण तो वेस्टमिन्स्टरच्या मान्यतेतून जातो. दारूबाबत स्कॉटलंडने याच कोंडीतून वेगळी वाट काढली. उत्पादन शुल्क हाती नसल्याने तेथे १ मे २०१८ पासून मद्यार्काच्या प्रत्येक एककाला किमान ५० पेन्स असा विक्रीदराचा तळ ठरवला गेला आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून तो ६५ पेन्स झाला. त्यात वाढीव पैसा तिजोरीत न जाता विक्रीच्या साखळीतच राहतो, ही त्या वाटेची किंमत आहे. आपल्या विधेयकातही कराऐवजी किमान दराचा विचार करता येईल, मात्र आरोग्याला होणारा लाभ पुराव्यानिशी मांडावा लागेल.

पाचवी तरतूद मुलांना हे पेय विकण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढता येणार नाही, असे म्हणते. हेतू चांगला असला तरी रोजगारविषयक हक्क राखीव आहेत आणि ही तरतूद अपवादातही बसत नाही. ती वगळून विक्रीच्या गुन्ह्याची जबाबदारी दुकानाच्या मालकावर ठेवली, तर कर्मचाऱ्याचे संरक्षण बऱ्याच अंशी साधते.

सहावी तरतूद सर्व सार्वजनिक संस्थांनी मुलांना या पेयांपासून दूर ठेवावे, असे मोघम सांगते. कलम १०१ नुसार न्यायालय तरतुदीचा अर्थ शक्य तेथे संकुचित करून ती वाचवते. त्या आधाराने मसुदा सैल ठेवण्याचा मोह होतो. बालहक्कांच्या विधेयकात नेमके तेच झाले होते आणि कायदा वाचून नागरिकाला त्याची मर्यादा कळली पाहिजे, असे सांगून न्यायालयाने ती सवलत नाकारली. म्हणून इथे शाळा, नगर परिषदा आणि आरोग्य मंडळे अशी सोपीव विषयांत काम करणाऱ्या संस्थांची नावेच लिहावीत. सैन्याच्या तळावरील उपाहारगृह किंवा स्थलांतरितांना ठेवण्याचे केंद्र त्या यादीत येणार नाही, याची खात्री करून मगच मसुदा अध्यक्षांकडे मतासाठी पाठवावा.